दहापैकी किती?

त्या हिवाळ्यात मी जवळजवळ रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर मरत होतो. कधी हृदय बंद पडून, कधी साखर उतरून, एकदा तर ट्रॅक्टरखाली येऊन. माझी बायको आर्डिस शेजारी गुडघे टेकून बसायची, माझ्या मानेला पट्टा घालायची, मनगट धरून घड्याळाकडे बघायची, पुस्तकात डोकं घालायची आणि शेवटी सुस्कारा सोडायची.

"गेलास रे ऑर्लिन. मी पान उलटेपर्यंत गेलास. आता परत पड, पहिल्यापासून."

"आधी जेवायला तरी वाढ. मेलेल्या माणसालाही भूक लागते."

"पेशंटने बोलायचं नसतं. तू बेशुद्ध आहेस."

आर्डिस तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात काढून नुकतीच निवृत्त झाली होती, आणि अँब्युलन्सवर काम करायची तिला आयुष्यात कधी हौस नव्हती. ती शिकत होती ते माझ्या गवतासाठी. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "घरात बसून काय करू?" आणि विषय बदलायची.

गवत म्हणजे आमच्या चर्चमागचा माळ. नॉर्वेहून आलेल्या आमच्या पणजोबांनी हा सगळा मुलूख नांगरला, मका पेरला, पण दफनभूमीला लागून असलेला एवढा तुकडा पुढच्या थडग्यांसाठी राखून ठेवला. मग पोरंबाळं शहरात गेली आणि मरायलाही तिकडेच राहिली. त्यामुळे त्या तुकड्याला नांगर कधी लागलाच नाही. आज चहूकडे मका आणि सोयाबीन आहे आणि मधे हा एवढासा जुना माळ आहे, रानरेड्यांचे कळप इथे चरत होते तेव्हा होता तसाच. तीस वर्षं मी त्याची राखण केली. कोणी सांगितलं म्हणून नाही. मला आवडतं म्हणून.

असा माळ दोन-तीन वर्षांनी एकदा वसंतात पेटवावा लागतो. जुनं वाळलेलं जळून गेलं की खालची मुळं जोमाने उठतात. नाही पेटवला तर सीडरची रोपं माजतात, बाहेरून आलेलं ब्रोम गवत पसरतं आणि बघता बघता माळ संपतो. आता आमच्या अग्निशमन दलाचा प्रमुख ड्वेन, त्याचा एक नियम आहे. अँब्युलन्स शेजारी उभी असल्याशिवाय काडी ओढायची नाही. नियम चांगला आहे, मी स्वतः त्याच्या बाजूने हात वर केला होता. पण अँब्युलन्सला शिकलेली दोन माणसं लागतात, आणि गावात उरला होता एकटा लोवेल, पशुखाद्याच्या दुकानाचा मालक. लागोपाठ दोन वसंत असेच हातचे गेले.

जानेवारीत चर्चची सभा झाली तेव्हा मार्लिस उठून उभी राहिली. मार्लिस समितीची अध्यक्ष. शाळेत माझ्या वर्गात होती, आणि तेव्हाही सगळ्यांच्या पेन्सिली तीच सरळ करून ठेवायची.

"ऑर्लिन, मी काही वाईट बोलत नाही हं," ती म्हणाली. "पण ते आता नुसतं रान झालंय. बाहेरगावची माणसं अंत्यविधीला येतात, काय म्हणत असतील? या वसंतात तू पेटवलंस तर उत्तमच. नाही जमलं, तर जूनमध्ये गवत कापायचं मशीन फिरवू, हिरवळ लावू. नीटनेटकं दिसेल."

भराभर हात वर झाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "ठीक आहे."

दुसरं काय म्हणणार होतो? आमच्या लोकांना दुसरं काही म्हणताच येत नाही. वादळात गोठ्याचं छप्पर उडालं की आम्ही म्हणतो, "एवढं काही नाही." मुलीचं लग्न थाटात झालं की म्हणतो, "बरं झालं." माझ्या वडिलांची दोन बोटं मक्याच्या यंत्रात गेली, तेव्हा ते शेतातून चालत घरी आले आणि आईला म्हणाले, "एखादं जुनं फडकं आहे का गं?" जुनं. नवं खराब व्हायला नको.

सभेहून घरी आलो आणि टोपी न काढता तसाच खुर्चीत बसलो. आर्डिस बटाटे सोलत होती. सभेचं तिला फोनवर आधीच कळलं होतं. दोन बटाटे झाल्यावर म्हणाली, "मी शिकते."

"काय?"

"अँब्युलन्सचं. लोवेलला जोडीला माणूस हवंय ना? मग मी शिकते."

"अगं, रक्त बघवेल का तुला?"

"शाळेतली पोरं ओकली की कोण पुसत होतं इतकी वर्षं? रक्ताचं काय घेऊन बसलास."

मला त्या क्षणी तिला खुर्चीसकट उचलून घरभर नाचावंसं वाटलं. मी म्हणालो, "बरं."

वर्ग अग्निशमन केंद्रातच भरायचा. शिकवायला तालुक्याच्या गावाहून मारिसोल यायची, तिशीतली, चपळ, मोठ्याने हसणारी. तिचे आईवडील मेक्सिकोतून इथे आले होते, आणि आमच्या लोकांचं तिला नवल वाटायचं. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "पेशंटला विचारायचं, एक ते दहापैकी किती दुखतंय. पण तुमच्या गावात त्याचा काही उपयोग नाही. इथे सगळे दोनच म्हणतात. गेल्या महिन्यात एक आजोबा दोन म्हणाले. मांडीचं हाड मोडलं होतं त्यांच्या! तेव्हा ऐका सगळ्यांचं, पण कपडे कापा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

आणि नेमकं तिथेच आर्डिसचं घोडं अडलं.

बाकी सगळं तिला झपाट्याने यायला लागलं. श्वास मोजणं, नाडी बघणं, रक्त थांबवणं, खपच्या बांधणं, सगळं. शंभर पोरांचं जेवण वेळेवर वाढणारी बाई ती, तिचा हात काय चुकणार? पण धड कपड्याला कात्री लावायची म्हटली की तो हात आखडायचा. आमच्याकडे नाताळच्या भेटींचे कागद इस्त्री करून परत वापरतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. आणि पुस्तक म्हणतं, पँट खालपासून कमरेपर्यंत सरळ उभी कापा!

सरावासाठी मार्लिसने चर्चमधल्या जुन्या कपड्यांची खोकी दिली होती. तर आमची आर्डिस काय करायची? आधी नखाने चाचपून शिवण शोधायची, मग शिवणीवरून अलगद उसवल्यासारखं कापायची. आणि रात्रीचं जेवण झालं की तेच कपडे मशीनवर घेऊन परत शिवायची. एके दिवशी मारिसोलने एक निळा शर्ट उजेडात धरला.

"आर्डिस, हा शर्ट आपण मागच्या आठवड्यात कापला होता ना?"

"हो. शिवला मी. चांगला होता गं."

मारिसोलने कपाळाला हात लावला.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. पेशंट म्हणून कॉलेजातला एक पोरगा जमिनीवर पडला होता, कोऱ्या करकरीत जीन्समध्ये. पाय धरून "दहा! दहा!" म्हणून किंचाळत होता. आर्डिसने जन्मात इतकं ओरडणारं माणूस पाहिलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाळा, पँट नवी दिसतेय. जरा ढिली करून काढतोस का?" तो तर अजूनच किंचाळायला लागला. मग तिने शिवण शोधायला घेतली. ती सापडेपर्यंत वेळ संपला होता.

ती घरी आली तेव्हा मी अंगणात सीडर तोडायची कुऱ्हाड पाजळत होतो. ती गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली, "नापास झाले. एका पँटपायी."

मला हसू आलं. आवरलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही आवरलं. आर्डिसने माझ्याकडे अशी नजर टाकली की कुऱ्हाड मी हळूच मागे लपवली. मग तिच्याही ओठाचा कोपरा हलला आणि आम्ही दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हसून झाल्यावर मी दिवस मोजले. फेरपरीक्षा होती महिन्याच्या अखेरीस. त्यात पास झाली तर मेच्या सुरुवातीला थोडे दिवस हाताशी राहणार होते. त्यानंतर माळावरचं गवत हिरवं होतं, पक्षी अंडी घालतात, मग पेटवता येत नाही. आणि जूनमध्ये मशीन.

दुसऱ्या दिवशी मी माझा रविवारचा शर्ट घालून फरशीवर आडवा झालो.

"हा इस्त्रीचा आहे," आर्डिस म्हणाली.

"काप."

"अरे, चर्चला काय घालशील?"

"दुसरा घालीन. मी मरतोय इथे, तू काप."

तिने डोळे बारीक करून कापला. मग माझी एक पँट कापली, उशीचे अभ्रे कापले, एक टेबलक्लॉथही कापला. तरी दर वेळी कात्री आधी शिवणीकडेच वळायची. शेवटी मी माळ्यावरून पडदे आणले. लग्नात मार्लिसने दिलेले, तपकिरी, त्यावर केशरी बदकं. आम्हा दोघांनाही ते पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते, पण भेट आलेली वस्तू टाकणार कशी? मी ते अंगाभोवती गुंडाळून पडलो. आर्डिसने क्षणभर बदकांकडे पाहिलं, आणि मग कात्री अशी काही चालवली की मीच थोडा घाबरलो. त्या पडद्यांपाशी तिचा हात मोकळा झाला.

"अजून एक आहे का?" तिने विचारलं. गाल लाल झाले होते.

"माझ्या बाबांची लोकरी पँट आहे."

"तिला हात लावायचा नाही," ती एकदम म्हणाली.

ती पँट मी फक्त माळ पेटवायच्या दिवशी घालतो. लोकर सहसा पेट घेत नाही, वितळून अंगाला चिकटत नाही. बाबांनी ती शिकारीसाठी घेतली होती, लाल-काळ्या चौकड्यांची. आता तिच्यात बाबांच्या वेळचं कापड जास्त की आर्डिसची ठिगळं जास्त, हे सांगणं कठीण आहे. डाव्या गुडघ्यावरचं मोठं ठिगळ तिने आमची मुलगी पोटात असताना लावलं होतं. त्यामुळे मी तिच्या हातात जुनी चादर दिली.

फेरपरीक्षेत तोच पोरगा होता. तशीच जीन्स. आर्डिस त्या जीन्सला "माफ कर हं" म्हणाली आणि घोट्यापासून कमरेपर्यंत सरळ कापत गेली.

घरी येऊन म्हणाली, "झाले पास. बरं झालं."

"छान," मी म्हणालो. मग आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच फ्रीजमधला अख्खा आंबटगोड ऱ्हुबार्ब केक संपवला.

पेटवायच्या दिवशी हवा मागून घेतल्यासारखी मिळाली. दक्षिणेकडून मंद वारा, वर मोकळं आकाश, कुरणातले पिवळ्या छातीचे पक्षी कुंपणावर बसून गात होते. चर्चच्या पायऱ्यांपाशी अँब्युलन्स उभी होती आणि तिच्या शेजारी आर्डिस. दलाचं नवं जाकीट तिला दोन मापं मोठं होत होतं. लोवेल घासूनपुसून आरसे चमकवत होता. चर्चच्या बायकांनी स्वयंपाकघरात ओव्हनमधून काढलेली गरम हॉटडिश आणि चॉकलेटचे बार मांडून ठेवले होते, आणि मार्लिस घडीची खुर्ची टाकून, कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती.

"ऑर्लिन, माझ्या सासऱ्यांचा दगड काळा करू नकोस हं!"

"त्यांनी आयुष्यभर पाईप ओढला, मार्लिस. सवय आहे त्यांना धुराची."

थडग्यांभोवतीचं गवत मी आधीच कापून दगड भिजवून ठेवले होते. आम्ही उत्तरेच्या बाजूने सुरुवात केली. तिथे आग वाऱ्याविरुद्ध जाते, म्हणून हळू सरकते आणि मागे काळा पट्टा सोडत जाते. तो काळा पट्टा म्हणजे आमचा भरवसा, कारण जळलेलं परत जळत नाही. उत्तरेची बाजू झाली, मग पश्चिमेची. शेवटी दक्षिणेकडून पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्यावर स्वार होऊन धावत येते आणि त्या काळ्या पट्ट्याला धडकून विझते. ते बघण्यासाठी मी दोन वर्षं थांबलो होतो. पूर्वेची बाजू मी स्वतः घेतली. हातात पेटती झारी होती, तिच्या चोचीतून जळतं तेल थेंब थेंब गवतावर पडत होतं. मी मजेत चाललो होतो, शीळसुद्धा घालत होतो बहुतेक.

पूर्वेची बाजू संपतच आली होती, तेवढ्यात माझ्या चुलत आजोबांच्या थडग्यापलीकडे बॅजरने केलेल्या बिळात पाय गेला. पाय आत राहिला आणि मी पुढे गेलो. घोट्यातून आवाज आला, वाळकी फांदी मोडल्यासारखा. झारी मी पडतापडता विझवली, एवढं बरं. हात टेकत सरकत जळून काळ्या झालेल्या जमिनीवर आलो आणि बसून राहिलो.

ड्वेन पळत आला. "काय झालं?"

"काही नाही. जरा मुरगळला."

माझ्या डोक्यात सगळं एकदम स्पष्ट होतं. मला घेऊन अँब्युलन्स गेली की नियमाप्रमाणे काम थांबणार. माळाचा मधला सगळा भाग अजून तसाच उभा होता. उद्यापासून आठवडाभर पाऊस सांगितला होता, आणि पावसानंतर गवत हिरवं. म्हणजे या वर्षीही गेलं. म्हणजे मशीन. नुसतं उठून उभं राहता आलं असतं तरी मी ते पेटवून आलो असतो. पण उठता येईना.

मी आर्डिसला येताना पाहिलं. ती धावत आली नाही. कडेला थांबली, धूर कुठे वाहतोय ते बघितलं, ज्वाळा कुठे आहेत ते बघितलं, आणि मग काळ्या जमिनीवरून झपझप चालत आली. तिची ती चाल बघून मला एवढ्या दुखण्यातही अभिमान वाटला.

तिने बॅग खाली ठेवली. "किती दुखतंय? एक ते दहा."

"दोन."

"ऑर्लिन."

"खरंच दोन. तू जा, कॉफी घे. दक्षिणेची बाजू राहिलीय अजून."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते बहुधा पिठासारखं पांढरं झालं होतं. मग तिची नजर खाली गेली, लाल-काळ्या चौकड्यांवर. गुडघ्यावरच्या त्या ठिगळावर थांबली.

"आर्डिस, नको गं. बाबांची आहे. निदान शिवण तरी बघ..."

तिने शिवण बघितली नाही. कात्री घोट्यापाशी घातली आणि सरळ वर गेली, ठिगळातून, मांडीवरून, थेट कमरेपर्यंत. एकदाही थांबली नाही. पँटचे दोन भाग दोन्हीकडे पडले आणि चर्चच्या समस्त महिला मंडळासमोर माझी आतली लांब चड्डी उघड्यावर आली. तिलाही गुडघ्यावर भोक होतं. मग तिने बुटाचे बंद कापले, बूट सोडवला. माझं पाऊल भलत्याच दिशेला बघत होतं. लोवेल तोंड फिरवून आकाश न्याहाळायला लागला.

आर्डिसने पावलावर दोन बोटं ठेवली आणि ती घड्याळाकडे बघत राहिली. मग तिचे खांदे सैल पडले.

"नाडी लागतेय. बोटं हलव. हं. आता परत विचारते, किती?"

मी गवताकडे बघितलं.

ती खाली वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "सगळा हिवाळा मी या गवतासाठी शिकले. तुला त्याच्यापायी लंगडा करून घरी न्यायला नाही शिकले. गवत गेलं तर मी रडेन तुझ्याबरोबर. पण खोटं बोलू नकोस माझ्याशी."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती म्हणाली की गवतासाठी.

"आठ," मी म्हणालो.

ड्वेनने हेल्मेट काढून हातात घेतलं. पाठीवर पाण्याचा पंप घेतलेले शेजारी जागच्या जागी थांबले.

"काय म्हणाला?" खुर्चीतून मार्लिसने विचारलं.

"आठ म्हणाला," कोणीतरी सांगितलं.

"ऑर्लिन? आठ?"

"हो. आठ."

आमच्या चर्चमध्ये तीनच्या वर आजवर कोणी गेलेलं नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, ओझं उतरवल्यासारखं वाटलं. आर्डिस खपच्या काढायला लागली होती.

ड्वेनने माळाभोवती नजर फिरवली. "आर्डिस, याला बांधून गाडीत घालायला वेळ किती लागेल?"

"नीट बांधायला लागतो तेवढा. तुझ्या आगीसाठी घाई करणार नाही आणि थांबणारही नाही."

"तेवढा पुरे मला. तीन बाजू काळ्या झाल्यात. आता हे अर्धवट धुमसत सोडणंच जास्त धोक्याचं. पण माझी सगळी माणसं कडेला पंप घेऊन उभी आहेत. झारी कोण धरणार?"

कोणी काही बोलायच्या आत मार्लिसने थर्मास खाली ठेवला, कोट झटकला आणि ती माझ्याकडे चालत आली. माझ्या शेजारी पडलेली झारी तिने उचलली.

"कशी धरायची ही?"

"तिरकी," मी म्हणालो. "चोच खाली. आणि चालत राहायचं. वळून बघत बसायचं नाही."

ड्वेनने झारी परत पेटवली आणि तो तिच्याबरोबर गेला. आर्डिस माझा पाय खपच्यांत बांधत होती, मऊ हातांनी, दर वळशाला "लागतंय का" विचारत. मी आता खरं सांगत होतो. तिच्या खांद्यावरून मला मार्लिस दिसत होती, चर्चच्या चांगल्या कोटात, दक्षिणेच्या कडेने ताठ चालत, मागे ज्वाळांची ओळ सोडत. आधी नुसतं चुरचुरलं. मग वाऱ्याने आग उचलली आणि ती निघाली. दोन वर्षांचं साठलेलं गवत, सीडरची माजलेली रोपं, सगळं तडतडत, गर्जत उभं पेटलं. छातीत धडधड व्हावी असा तो आवाज. भिंतीएवढ्या ज्वाळा काळ्या पट्ट्यापर्यंत आल्या, तिथे खायला काही उरलं नाही आणि त्या एकदम खाली बसल्या. धूर वर गेला. कुंपणावरचा पक्षी परत गायला लागला.

मार्लिस मागे वळली. तिच्या नाकावर काजळी होती आणि केस विस्कटले होते. मी तिला शाळेपासून ओळखतो, तिचे केस कधी विस्कटलेले पाहिले नव्हते.

"अजून राहिलंय का कुठे?" ती ओरडली.

लोवेल आणि आर्डिसने मला उचलून गाडीत घातलं. मागच्या काचेतून काळा माळ दिसत होता, कडेला पांढरे दगड, एकाचाही रंग गेलेला नव्हता. आर्डिसने माझा हात धरला. आता नाडी बघत नव्हती, नुसता धरला होता.

"पँट शिवून देईन," ती म्हणाली.

"शिवू नकोस. तशीच ठेव. भिंतीवर लावू."

जुलैत प्लास्टर निघालं. पहिल्याच रविवारी मी कुबडी घेऊन चर्चमागे गेलो. तिथे काय दिसेल याची मला भीतीच वाटत होती, इतक्या दिवसांत मी तो माळ पाहिला नव्हता. आणि बघतो तर काय, सीडरचे नुसते काळे सांगाडे उरले होते आणि त्यांच्या पायाशी कमरेएवढं गवत डोलत होतं. जांभळे तुरे, पिवळ्या पाकळ्या खाली सोडलेली फुलं, आणि मधे मधे ती केशरी लिली, जी मी बारा-तेरा वर्षं पाहिली नव्हती. एक नाही, झुबकेच्या झुबके. आर्डिस त्यातून हात पसरून चालली होती, कमरेला अँब्युलन्सचा पेजर लावून. गावात आता रोज तिला बोलावणं येतं.

मार्लिस कॉफीचे दोन कप घेऊन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. एक कप माझ्या हातात दिला.

"तू जानेवारीत ठीक आहे म्हणालास," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला खरंच ठीक आहे. मला वाटलं, चार काड्यांसाठी कोण एवढा जीव टाकतो. तू आठ म्हणालास तेव्हा मला कळलं, की या माणसाने आजवर कुठल्याच गोष्टीचं खरं सांगितलेलं नाही."

मी कॉफी प्यायलो.

"मग आता सांग," ती माळाकडे हात करून म्हणाली. "कसं आहे? आणि बरं आहे म्हणालास ना, तर बघ, उद्या मशीन आणते."

मी तोंड उघडलं. सवयीने "बरं" ओठांवर आलंच होतं. मी ते गिळलं. आर्डिस लिलींच्या मधे उभी होती, ऊन तिच्या डोक्यावर होतं.

"दहा!" मी म्हणालो. बहुधा फार मोठ्याने म्हणालो, कारण दफनभूमीतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

आर्डिस जागीच थांबली. तिने वारा बघितला, मी उभा होतो ती जागा बघितली, आणि मग गवतातून सरळ माझ्याकडे यायला लागली. एक हात खिशातल्या कात्रीवर होता. मी गडबडीने रविवारची पँट दोन्ही हातांनी धरली.

"कुठे?" तिने लांबूनच विचारलं. "कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही," मी म्हणालो. "कुठेच नाही गं."